परतीचा आहेर

जानेवारी लागला की पनवेलच्या बाजारात वालाच्या शेंगा येतात आणि मला बाजार नकोसा होतो. शेंगांचा काही दोष नाही. त्यांच्या शेजारी भांबुर्ड्याच्या जुड्या ठेवलेल्या असतात, त्या पाल्याचा तो उग्र, थोडा ओव्यासारखा, थोडा काढ्यासारखा वास नाकात गेला की मी पिशवी सावरून दुसऱ्या गल्लीत वळतो. मग घरी फोन सुरू होतात. शनिवारी पोपटी लावतोय, या. मडक्यात शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरायची, तोंडाशी भांबुर्डा कोंबायचा, मडकं पालथं घालून भोवती जाळ करायचा. आमच्या रायगडात या आमंत्रणाला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मी म्हणतो. एका वर्षी डोकं दुखतं, एका वर्षी गुडघा.

"सगळ्या जिल्ह्याला पोपटी गोड लागते," बायको म्हणते, "तुमचाच गुडघा बरा जानेवारीत येतो दुखायला!"

तिला खरं कारण ठाऊक नाही. तिला गोष्टीचा अर्धाच भाग ठाऊक आहे, आणि तो विनोदी आहे.

आमच्या नात्यात मी गोष्टी सांगणारा माणूस म्हणून ओळखला जातो. बारसं असो, मुंज असो, जेवणं उरकली की कुणी तरी म्हणतंच, "सुधीरकाका, कमोडची सांगा ना." मी आधी आढेवेढे घेतो. तेही गोष्टीतच धरलेले आहेत. मग सांगतो. तीस-बत्तीस वर्षं सांगून ती गोष्ट नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली आहे. कुठे थांबायचं, कुठे आवाज बारीक करायचा, सगळं पाठ. या वर्षी मात्र पुतणीच्या डोहाळजेवणाला ती सांगून झाली, लोक पोट धरून हसले, आणि मला स्वतःच्या आवाजाची शिसारी आली. चहावरची साय ओठांना चिकटावी, तसा तो आवाज चिकटून राहिला.

तर आधी हसण्याचा भाग सांगतो. सवयच आहे.

नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आमचं कॉलेज म्हणजे दोन इमारती, एक पत्र्याची प्रयोगशाळा आणि सायकलस्टँड. पुण्याहून एखादा वक्ता आला तरी आमच्याकडे रांगोळी निघायची. अशा कॉलेजला एक दिवस हॉलंडहून पत्र आलं. तिथलंही एक लहानसंच विद्यापीठ. समुद्राला बांध घालून मागची जमीन कशी राखतात, हा त्यांचा अभ्यास. आपल्या खाडीकाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून खाऱ्या जमिनीत भात पिकवतात, हे त्यांनी कुठे तरी वाचलं होतं. त्यांचा एक विद्यार्थी सहा आठवडे येऊन ते पाहील, आणि मग आमचा एक विद्यार्थी त्यांच्याकडे चार महिने जाईल, असा प्रस्ताव होता. जाणारा एक. एकच.

ती एक जागा कुणाची, हे वर्गातल्या बाकांनाही माहीत होतं. पुष्पा घरत. उलव्याहून यायची. त्या वेळी उलवे म्हणजे भातखाचरं, मिठागरं आणि खाडी. घर शेतकऱ्याचं, वडील गावचा बांध राखणारे. खाडीचा भूगोल शिकवताना आमचे सर पुस्तक मिटून म्हणायचे, "घरत, ये, फळ्यावर काढ." आणि ती भरती-ओहोटीची आकृती अशी काढायची की जणू घरच्या अंगणाचा नकाशा. आम्ही ती उतरवून घ्यायचो आणि पास व्हायचो.

पत्रासोबत एक फॉर्म होता. पाहुणा ज्या घरी राहील त्या घराची माहिती. खोल्या किती, माणसं किती, कुत्रा आहे का. आणि संडास कोणत्या प्रकारचा आहे. झालं. कॉलेजची समिती त्या ओळीवर तीन बैठका बसली. प्राचार्यांनी ठरवलं की ही अट आहे, आणि साहेबाचा पोरगा येतोय म्हणजे कमोडच हवा. दुसरी अट त्यांनी स्वतःच्या डोक्याने घातली. ज्याच्या घरी पाहुणा उतरेल, त्याच्याच मुलाला परतीचा मान. लग्नात नाही का, ज्या घराने आहेर केला त्याच घरी परतीचा आहेर जातो. आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण म्हणजे याहून वेगळं काही असू शकतं, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सरांनी वर्गात विचारलं, "कुणाकडे कमोड आहे?"

मग पुष्पा उठली. "सर, आमच्याकडे राहायला जागा हाय. पडवी मोठी हाय."

"हो, पण ते… संडासाचं काय?"

"आमी बांधाच्या पल्याड जातो," ती म्हणाली. नेहमीच्याच आवाजात, भरतीची वेळ सांगावी तशी.

वर्गात हशा फुटला. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यांदा मीच हसलो की नाही, हे आता आठवत नाही. आठवत नाही असं लिहिताना माझी मान खाली जाते, त्यावरून काय ते समजा.

घरी येऊन गंमत म्हणून अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगितलं. अण्णा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. ते पाटावर ताठ बसले. "म्हणजे कमोड असला की झालं?"

"अहो अण्णा, मी नुसतं सांगतोय."

"मी नुसतं ऐकत नाहीये," अण्णा म्हणाले.

नवीन पनवेलमधला आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. संडास एक, भारतीय पद्धतीचा. तो फोडण्यात आला. चौथ्या दिवशी टेम्पोतून पेंढ्यात गुंडाळलेला पांढराशुभ्र कमोड उतरला तेव्हा बिल्डिंगमधली सगळी पोरं जिन्यात उभी होती. आईने त्याला हळदकुंकू लावलं.

"अगं, त्याला काय हळदकुंकू लावतेस!" अण्णा कळवळले.

"घरात आलेली नवी वस्तू आहे," आई म्हणाली. "फ्रीजला लावलं तेव्हा नाही बोललात ते."

आणि मग कळलं की आमच्यापैकी कुणालाच त्यावर बसता येत नाही. अण्णांनी प्रयत्न केला, वर चढून उकिडवे बसले, झाकणाला तडा गेला. आईने तर पहिल्याच दिवशी हात टेकले. ती बादली घेऊन वरच्या मजल्यावर देशमुखकाकूंकडे जायला लागली. मागून अण्णा. मागून मी. हॉलंडचा पाहुणा येऊन पोचला तेव्हा आम्ही तिघं रोज सकाळी असे एका ओळीत जिना चढत होतो.

पाहुण्याचं नाव हेंड्रिक. सहा फूट चार इंच, भुवयासुद्धा पिवळ्या. पाच दिवस त्याने ही मिरवणूक पाहिली आणि सहाव्या दिवशी मला विचारलं, तुम्ही सगळे रोज पूजेला जाता का? मला खोटं सुचलं नाही. त्यावर तो खूश होऊन म्हणाला, येताना वाटेत महिनाभर इतर देशांत फिरलो, मला तर उकिडवं बसायचीच सवय लागली आहे, मीही येऊ का? सातव्या दिवशी काकूंनी दार उघडलं तर समोर आई, अण्णा, मी आणि सगळ्यांच्या डोक्यावरून दिसणारा हेंड्रिक, हातात आमची लाल बादली.

"अहो वहिनी," काकू आईला म्हणाल्या, "मग ते खाली बसवलंय ते काय शोकेसला?"

इथे लोक हसतात आणि मी थांबतो. गोष्ट संपते. पाणी बिणी पितो.

हेंड्रिकने मला आणखी एक सांगितलं होतं, ते मी कधीच सांगत नाही. त्या फॉर्मवरची ती ओळ अट नव्हतीच. येणाऱ्या मुलाने मनाची काय तयारी ठेवावी, एवढंच त्यांना हवं होतं. नुसता प्रश्न होता. आम्हाला प्रश्न दिसला की आम्ही परीक्षा समजतो. त्याने हे सांगितलं तेव्हा तो आमच्याकडे येऊन जेमतेम आठवडा झाला होता. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन मी सरांना सांगितलं असतं तर सगळं बदलता आलं असतं. मी ती माहिती खिशात घातली आणि गप्प बसलो.

काय दिवस होते ते! थंडीचे, कोरडे, स्वच्छ. सकाळी हेंड्रिक आणि मी उरणच्या एसटीने गव्हाण फाट्याला उतरायचो आणि खाचरांमधून चालत निघायचो. भात कापून झालेलं. खुंटांवर दव. पाणथळीत बगळे. कडेला वाल पेरलेला, त्याला पांढरी-जांभळी फुलं. पुढे बांध, बांधापलीकडे खाडीचा चिखल, चिखलात तिवरं. वाऱ्याला करंजा बंदराकडून येणारा सुक्या मासळीचा वास. मी नाकाला रुमाल लावायचो. हेंड्रिक छाती भरून घ्यायचा आणि म्हणायचा, माझ्या आजोळचा वास आहे.

मला दुभाषा म्हणून नेमलं होतं. पहिल्या दोन दिवसांतच माझी गरज संपली. पुष्पाचं इंग्रजी मोडकं, पण तिला काय सांगायचंय ते तिला माहीत होतं. माझं इंग्रजी सफाईदार, आणि मला काहीच माहीत नव्हतं. ती दोघं गुडघाभर चिखलात उतरून काठीने, दोरीने मोजमापं घ्यायची. मी बांधावर, छत्रीखाली. कुणी आकडा ओरडला की वहीत लिहायचो. माझ्या पायांना त्या सहा आठवड्यांत चिखल म्हणून लागला नाही. आईला याचं कोण कौतुक!

पुष्पाचे वडील, नामाकाका, काटकुळे, दात पानाने लाल. त्यांनी हेंड्रिकला इंच न् इंच दाखवला. खेकड्याने भोक पाडलेला बांध कसा ओळखायचा, कुठल्या अमावास्येला उठून बसायचं, पेंढा आणि चिखल कसा थापायचा. बांधाला एक लाकडी झडप होती, तिला ते उघाडी म्हणत. तिच्यासमोर उकिडवे बसून ते हाताच्या तळव्यांनी दाखवायचे. "बग, भरतीचा पानी बाहेरशी लोटतो, फळी मिटतं. ओहोटी लागली का आतला पानी लोटतो, फळी उघडतं. आमी हात नाय लावत. आमी फक्त बगतो."

हेंड्रिकने ते दहा वेळा करून घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला त्या वेळी ते हास्यास्पद वाटलं. फळकुटासाठी रडणारा माणूस.

निघण्याच्या आदल्या दिवशी, उन्हं कलल्यावर, नामाकाकांनी खाचरात पोपटी लावली. मडक्याभोवती पेंढा धडधडला, भांबुर्ड्याचा वास सुटला, शेंगा आतल्या आत शिजल्या. पुष्पाच्या आईने केळीच्या पानावर ढीग ओतला. हेंड्रिकने बोटं भाजून घेत खाल्लं. मग उठून, तोडक्या मराठीत, नामाकाकांना म्हणाला, "पुष्पा येईल आमच्या घरी. माझी आई जेवण करील." नामाकाका लाजले. पुष्पा शेंगा सोलत राहिली, पण तिचे कान लाल झालेले मी पाहिले. आणि मी हातातली शेंग न सोलताच पानावर टाकली. कमोड आमच्या घरी, आणि नाव हिचं?

हेंड्रिक गेला. महिन्याभराने त्यांच्या विद्यापीठाचं पत्र आलं. निवड तुम्ही करा, पण बांधावर ज्याने काम केलं त्याला प्राधान्य द्या. प्राचार्यांनी मला बोलावलं. केबिनमध्ये भूगोलाचे सरही होते.

"त्या बांधाच्या कामात तू होतास ना?" प्राचार्यांनी विचारलं.

"हो सर. रोज होतो."

"मोजमापं घेतली तेव्हाही?"

"हो सर. आकडे मीच लिहिलेत. वही माझ्याच अक्षरात आहे."

यात खोटं एक अक्षर नाही. अजूनही मी ती वाक्यं उलटी-पालटी करून पाहतो. कोर्टात टिकतील अशी वाक्यं आहेत. आणि त्यांचीच मला सगळ्यात जास्त किळस येते. धडधडीत खोटं बोललो असतो तर निदान काही तरी केलं असं झालं असतं.

भूगोलाचे सर खिडकीबाहेर सायकलस्टँडकडे पाहत म्हणाले, "घरतला एकदा विचारावं का?"

"विचारायचं काय त्यात?" प्राचार्य म्हणाले. "पाहुणा यांच्याकडे उतरला, परतीचा मान यांचा. आणि मुलीच्या जातीला एवढ्या लांब सोडणार आहेत का तिच्या घरचे?"

सरांनी मान डोलावली. आम्ही तिघंही सभ्य माणसं होतो.

घरी अण्णांनी पेढे आणले. मी म्हणालो, "अण्णा, खरं तर त्या मुलीने—"

"सुधीर," अण्णा म्हणाले, "घरातला संडास फोडलाय आपण. तुझी आई सहा आठवडे बादली घेऊन जिना चढली. हे कुणासाठी?"

मी पेढा तोंडात टाकला, आणि वाक्य पुरं करावं लागलं नाही याचा मला आनंदच झाला होता. पुष्पाला नोटीसबोर्डावर कळलं. ती पाठमोरी उभी राहून दोनदा वाचत होती. मी प्रयोगशाळेच्या मागून सायकल काढली आणि लांबच्या रस्त्याने घरी गेलो.

हे सगळं आता का उकरतोय? तर आमचं ते कॉलेज आता विद्यापीठ झालंय. खारघरला काचेची इमारत आहे. तिथे परदेशी देवाणघेवाणीचा स्वतंत्र विभाग आहे, त्याला एसी आहे, आणि भिंतीवर निरनिराळ्या देशांची वेळ दाखवणारी घड्याळं आहेत, त्यातली दोन बंद. या जानेवारीत तिथून एक तरुण प्राध्यापिका घरी आली. परदेशी गेलेला पहिला विद्यार्थी म्हणून माझा सत्कार. फलकावर माझा त्या काळातला फोटो, खाली 'बांधाचा अभ्यासक'. माझ्या मुलीने तो पाहिला आणि विचारलं, "बाबा, तुम्ही आणि चिखल?" मी हसलो. प्राध्यापिकाबाईंनी चार निमंत्रणपत्रिका हातात दिल्या. तुमच्या त्या वेळच्या कुणाला बोलवायचं असेल तर.

भाषणाची तयारी करायला बसलो. दोन पानं लिहिली. सागर, संस्कृती, सेतू असे शब्द आले. वाचून पाहिलं आणि पानं फाडून टाकली. पत्रिका उचलली आणि उलव्याला गेलो.

उलवे आता ओळखू येत नाही. टॉवरांमागे टॉवर, धूळ, डंपर. पुष्पा सातव्या मजल्यावर राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दार तिनेच उघडलं. केस पिकलेत. क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "सुधीर? ये. बस."

गॅलरीत खुर्च्या टाकल्या. खाली विमानतळासाठी भराव घालून सपाट केलेली जमीन, नजर पोचेल तिथपर्यंत. "तो पिवळा क्रेन दिसतो?" ती म्हणाली. "त्याच्या डाव्या अंगाला उघाडी होती." मी मान डोलावली. मला काहीच ओळखू येत नव्हतं.

पत्रिका दिली. तिने फोटो पाहिला, 'बांधाचा अभ्यासक' वाचलं, चेहरा होता तसाच ठेवून पत्रिका टीपॉयवर ठेवली.

"पुष्पा," मी म्हणालो, "त्या वेळी प्राचार्यांनी मला विचारलं होतं. मी त्यांना—"

"माहीत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"सगळं. भूगोलाचे सर रिटायर झाले तेव्हा घरी आले होते. बसले आणि सांगून टाकलं. रडले बिचारे." तिने चहा ओतला. शाळेतलं शुद्ध बोलणं आणि घरचं बोलणं तिच्या तोंडात आता एकत्र नांदतं. "मला वर्षभर लागून राहिलं, खोटं नाही सांगत. मग डी.एड., लग्न, पोरं. माझं मिटलं. बाचं नाय मिटलं."

"नामाकाकांना राग आला असणार."

"राग?" ती माझ्याकडे वळली. "राग नाय रे. बा तुझी वाट बघायचा."

मला कळेना.

"त्याला वाटलं, पोरगी नाय गेली तर नाय गेली, तू तर गेलास ना. तू येऊन सांगशील. बांधाचं जे होतं ते सगळं त्याने त्या हेंड्रिकला दिलं, एक गोष्ट मागे ठेवली नाय. मग त्यांचं काय ते आपल्याला कळेल, असा त्याचा हिशेब. रोज मला विचारायचा, तो पोरगा आला का गो? त्याला बोलव. इचार, त्यांचा दर्या केवढा, बांध केवढा, त्यांची फळी आपोआप मिटतं का माणूस बसवतात. तू परत आलेला कळलं तेव्हा दोन दिवस घराबाहेर गेला नाय, तू येशील म्हणून. आणि तू तर पनवेलच्या स्टँडवर मला बघून एसटीच्या मागे जायचास."

खाली एक डंपर माती ओतत होता.

"बा तर गेला," पुष्पा म्हणाली. "भराव पडायच्या आधी गेला, तेवढं बरं. पण मी हाय ना. मला सांग आता. कसा अडवतात ते लोक समुद्र?"

ती खुर्ची पुढे ओढून बसली. टोमणा नव्हता तो. तिला खरंच ऐकायचं होतं. फळ्यापाशी जाण्याआधी ती अशीच बसायची. आणि मी, बारशा-मुंजींचा गोष्टीवाला, डोकं खणत राहिलो. चार महिने. मला आठवलं चीज, भाड्याची सायकल, हेंड्रिकच्या आईचं बटाट्याचं सूप, माझ्या खोलीतला हीटर. आणि एक सहल. तिथल्या प्राध्यापकांनी खास माझ्यासाठी काढलेली, त्यांच्या सगळ्यात मोठ्या बांधावर. बांधाचा अभ्यासक आला होता ना भारतातून!

"एकदा नेलं होतं," मी म्हणालो. "बसने. पाऊस होता, वारा तर असा की दरवाजा उघडेना."

"मग?"

"सगळे उतरले. दोन तास होते वर. झडपांची कोठी उघडून दाखवली म्हणे."

"आणि तू?"

"मी आत बसलो, पुष्पा. बूट नवे होते."

"पण दिसलं असेल ना काही? खिडकीतनं?"

"काचेवर वाफ धरली होती," मी म्हणालो. "बाहीने पुसून पाहिलं एकदा. मग झोप लागली."